गोळीत विष नाही, गोळी विषावरून शिकलेली आहे

मागच्या महिन्यात एका वस्तीत विहाराच्या ओट्यावर आम्ही बीपी तपासायला बसलो होतो. चटई, मशीन, वही आणि समोर बायांची रांग. एका आजींचा वरचा आकडा १९० च्या पुढे गेला. दोन वर्षं नीट सांभाळलेला बीपी असा कसा उसळला म्हणून विचारलं, तर आजी गप्प. सून म्हणाली, "ताई, त्यांनी गोळीच सोडलीय. अकरा दिवस झाले." नातवानं मोबाईलवर पाहिलं होतं की बीपीची गोळी सापाच्या विषापासून निघाली. आजींनी उरलेलं पाकीट गटारात टाकलं. "विष खाऊन जगायचं कशाला?" त्यांनी आम्हालाच विचारलं.

नातू खोटं बोलला नव्हता. गोळीचं नाव एनालाप्रिल होतं आणि तिच्या जन्मकथेत खरोखरच एक साप आहे. फक्त ती कथा त्याला अर्धीच मिळाली होती. त्या दिवशी रांग थांबवून आम्ही आजींना जे सांगितलं, तेच इथं जरा सावकाश लिहीत आहोत. साप-विंचवाशी आपल्या घरांचा संबंध गोळीपुरता नाही. पत्र्याच्या घरात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांचा, वीटभट्टीवर आणि भातशेतात मजुरीला जाणाऱ्यांचा त्यांच्याशी रोजचा शेजार आहे.

आधी विष म्हणजे काय ते पाहू. विष हा एकच पदार्थ नसतो. विंचवाच्या नांगीतल्या एका थेंबात डझनावारी वेगवेगळी रसायनं असतात आणि त्यातली बरीचशी पेप्टाइड या जातीची. डाळीत, अंड्यात जी प्रथिनं असतात ती म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ. ही माळ आखूड असली की तिला पेप्टाइड म्हणतात. मधुमेहाचं इन्सुलिन असंच आहे, ५१ मण्यांचं. म्हणजे पेप्टाइड म्हणजे विष असं नाही, आपल्या शरीरातही पेप्टाइडं असतात. पण साप, विंचू, गोगलगाय यांच्याकडची काही पेप्टाइडं दुसऱ्या प्राण्याच्या नसांवर, हृदयावर किंवा रक्तावर नेमकी एकाच ठिकाणी जाऊन बसतात. हजार कुलपांतल्या एकाच कुलपाला लागणारी किल्ली असावी तशी. शास्त्रज्ञांना रस आहे तो या नेमकेपणात. ज्या किल्लीनं दार भलत्या वेळी उघडून माणूस मरतो, तिचा आकार समजला की तेच दार हवं तेव्हा, हवं तेवढं उघडता किंवा बंद करता येतं.

ब्राझीलचा साप आणि आजींची गोळी

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा एक विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब धाडकन खाली येतो. १९४८ च्या सुमारास तिथल्या मौरिसियो रोशा इ सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की हे विष रक्तात मिसळलं की रक्तातूनच एक पदार्थ सुटतो, जो रक्तवाहिन्या सैल करतो. त्याचं नाव ब्रॅडिकायनिन. पुढं १९६५ मध्ये सर्जिओ फरेरा यांनी दाखवलं की त्याच विषात काही छोटी पेप्टाइडं आहेत, जी ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवतात. फरेरा ही पुडी घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं कळलं की ही पेप्टाइडं शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतात. हेच विकर एकीकडे ब्रॅडिकायनिन मोडतं आणि दुसरीकडे रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ तयार करतं. ते बंद पडलं की दोन्ही बाजूंनी बीपी खाली येतो.

पण विषातलं पेप्टाइड गोळी म्हणून देता येईना. पोटात गेलं की आपण डाळ पचवतो तसं ते पचून जातं. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीचे डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी त्या माळेच्या टोकाचा आकार तेवढा ध्यानात घेतला आणि प्रयोगशाळेत एक छोटा, पोटात टिकणारा रेणू घडवला. तो कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही त्याचीच भावंडं.

म्हणजे आजींच्या गोळीत सापाचा थेंबही नाही. ती कारखान्यात रसायनांपासून बनते. साप फक्त शिकवून गेला.

एक गोष्ट मात्र आम्ही आजींना मुद्दाम सांगितली, कारण यावरूनही लोक गोळी सोडतात. या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, चिवट खोकला लागतो. त्याचं कारणही तेच ब्रॅडिकायनिन, जे मोडलं न गेल्यानं साठतं. खोकला लागला तर गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. त्याऐवजी देण्यासारखी दुसऱ्या जातीची गोळी असते. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा. आणि गरोदर बाईनं, किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं, ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं. बाळाला तिच्यापासून धोका असतो.

जाता जाता एक खंत. साप ब्राझीलचा, पहिला शोध ब्राझीलच्या माणसांचा, आणि औषधाचा पैसा अमेरिकेतल्या कंपनीकडे. अशा गोष्टींवरूनच पुढं जगात वाद झाले आणि १९९२ मध्ये जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे त्यासाठी २००२ चा कायदा आहे.

महाडचा लाल विंचू

महाड म्हटलं की आपल्या घरात चवदार तळं आठवतं. याच महाडच्या मातीतली दुसरी एक गोष्ट आमच्या नर्सिंगच्या वर्गात कुणी शिकवली नाही. ती आम्हाला कामाला लागल्यावर कळली.

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या गडग्यांत, लाकडांच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात लाल विंचू राहतो. दिसायला लहान. पूर्वी तो डसल्यावर त्याचं विष अंगात भिनलेली शंभरातली तीसच्या आसपास माणसं दगावत, त्यात मुलं फार. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथं त्यांनी ही मरणं पाहिली. पुस्तकात उपाय नव्हता. ते रात्र-रात्र रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी करू लागले: घाम किती, नाडी किती, हातपाय कधी गार पडले, श्वास कधी लागला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

त्यांच्या नोंदींतून चित्र स्पष्ट झालं. विंचवाचं पेप्टाइड नसांवरची सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. नसा थांबायचं नाव घेत नाहीत आणि शरीर अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा लोंढा सोडतं. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो, हृदय दमतं आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. तोंडातून गुलाबी फेस येतो तो याच पाण्याचा. मग बावस्करांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. ही तेव्हाही दुकानात मिळणारी, बीपीची साधी, स्वस्त गोळी होती. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर मरणाचं प्रमाण शंभरात मोजक्या दोन-चारांवर आलं. पुढं विंचवावरचं प्रतिविष आलं आणि प्राझोसिनसोबत ते दिलं तर रुग्ण लवकर सावरतो हे बावस्करांनीच २०११ मध्ये दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीनं होत्या, हेही लिहून ठेवतो. बायकांचं नाव गळायला वेळ लागत नाही.

आता कामाचं बोलू. विंचू डसल्यावर नुसता ठणका असेल तर जिवाला धोका बहुधा नसतो. धोक्याची खूण वेगळी आहे. अंग घामानं चिंब होणं, उलट्या, लाळ गळणं, हातपाय गार पडणं, मुलग्यांमध्ये लघवीची जागा ताठ राहणं, धाप लागणं. यातलं काहीही दिसलं की मिनिट घालवायचं नाही. लहान मूल असेल तर खुणांची वाटही पाहू नका. आणि प्राझोसिन घरी आणून देऊ नका. पहिल्या गोळीनंतर उभं राहिलं तर बीपी एकदम पडतो, म्हणून ती दवाखान्यात आडवं झोपवूनच देतात. गोळी दिलेल्या मुलाला कडेवर उभं धरायचं नाही, आयांना आम्ही हे दहा वेळा सांगतो.

विंचू उतरवणाऱ्यांचं नाव का होतं, तेही यावरून समजतं. बहुतेक विंचू डसले तरी काही तासांनी ठणका आपसूक कमी होतो. तेवढा वेळ मांत्रिक पाणी मारत बसतो आणि यश त्याच्या खात्यावर जमा होतं. लाल विंचवाच्या बाबतीत हेच तास जिवाचे असतात. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे वस्तीत फार थोड्यांना ठाऊक असतं. आम्ही सांगितलं तेव्हा एका मांत्रिकानंच कायद्याची प्रत मागून घेतली. आता त्याच्या दारात कुणी आलं की तो आधी रिक्षा बोलावतो, असं शेजारी सांगतात.

याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ मण्यांचं पेप्टाइड वेगळं काढलं गेलं. ते औषध नाही. पेशींवरच्या पोटॅशियमच्या एका विशिष्ट दारालाच ते बूच लावतं, म्हणून रक्तवाहिन्यांचे आणि श्वासनलिकेचे स्नायू कसे सैलावतात हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा ते हत्यारासारखं वापरतात. इस्रायल-इजिप्तकडच्या वाळवंटातल्या एका पिवळ्या विंचवाचं ३६ मण्यांचं क्लोरोटॉक्सिन मेंदूच्या गाठीतल्या पेशींना चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडला, तर शस्त्रक्रियेत गाठ कुठं संपते आणि निरोगी मेंदू कुठं सुरू होतो हे दिसेल, अशा आशेनं रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत. यावरून कुणी 'विंचवाच्या तेलानं कॅन्सर जातो' म्हणून बाटली विकायला आलं, तर त्याला बसवून ठेवा आणि आम्हाला बोलवा.

फुरसं, मण्यार आणि रक्ताची नळी

आपल्याकडे जीव घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस आणि फुरशाचं विष रक्त बिघडवतं. विषातली काही रसायनं रक्त गोठवणारे घटक आधीच संपवून टाकतात आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त थांबत नाही. दवाखान्यात याची तपासणी इतकी साधी आहे की आम्हाला तिचं अजून कौतुक वाटतं. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष लागणार. ना वीज, ना यंत्र. कितीतरी रात्री आम्ही त्या नळीकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे आळीपाळीनं पाहत काढल्या आहेत.

गंमत अशी की फुरशाच्याच विषातून हृदयाचं औषध निघालं. त्यातलं एकिस्टॅटिन नावाचं पेप्टाइड रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटू देत नाही. त्याचा आकार पाहून टायरोफिबन हे औषध घडवलं गेलं, १९९८ पासून ते वापरात आहे. हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाच्या शिरेत गुठळी वाढू नये म्हणून, अँजिओप्लास्टीच्या वेळी ते सलाइनमधून देतात. अमेरिकेतल्या एका छोट्या खुळखुळ्या सापावरून त्याच वर्षी एप्टिफिबॅटाइड आलं.

मण्यारीचं सगळंच वेगळं. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उचलत नसतील तर दात दिसो न दिसो, मण्यार समजून दवाखान्यात न्या. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपलं तर डासांबरोबर मण्यारही बाहेर राहते.

बाकीचं थोडक्यात. चिरू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा, सूज आली की ती रुततात. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला बांधा आणि माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा. सापाला मारून पिशवीत आणायची गरज नाही, दुसऱ्याला चावायचा.

प्रतिविषामागं कुणाचे हात आहेत तेही कळलं पाहिजे. सापाचं विष थोडं-थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याला उतारा तयार होतो, तो वेगळा काढून वाळवतात आणि कुपीत भरतात. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तमिळनाडूतले इरुला आदिवासी गोळा करतात. चेन्नईजवळ वडनेम्मेली इथं १९७८ मध्ये उभी राहिलेली त्यांची सहकारी संस्था आहे. साप पकडायचा, काही आठवडे ठेवून त्याचं विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारे हे लोक. कायद्यानं कातड्याचा धंदा बंद झाला आणि त्यांच्या हातातली विद्या जीव वाचवायच्या कामी आली. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुला सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली.

मात्र एक अडचण आहे. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी याचाच अभ्यास करतात. दक्षिणेतल्या सापांवरून केलेलं प्रतिविष देशाच्या दुसऱ्या टोकाला तेवढं चालत नाही, असं त्यांना दिसलं. याला महत्त्व आहे, कारण २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला 'दुर्लक्षित' आजारांच्या यादीत घातलं. यादीचं नाव तरी खरं आहे.

गोगलगाय आणि सरडा

दोन गोष्टी घाईनं सांगतो. समुद्रातली एक शंखवाली गोगलगाय विषारी काटा मारून मासा जागीच लुळा पाडते. फिलिपिन्समध्ये वाढलेले बाल्डोमेरो ओलिव्हेरा यांनी तिच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पुढं अमेरिकेत त्यांच्या प्रयोगशाळेत मायकेल मॅकिंटॉश या कॉलेजात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला त्यात २५ मण्यांचं एक पेप्टाइड सापडलं. २००४ मध्ये ते झिकोनोटाइड नावानं वेदनाशामक म्हणून मान्य झालं. मॉर्फिननंही न शमणाऱ्या दुखण्यात पाठीच्या कण्यातल्या द्रवात पंपानं सोडतात. महाग आणि अवघड, आपल्या वस्तीपर्यंत येईल असं औषध नव्हे.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या जाड्या, विषारी सरड्याची. जॉन एंग या डॉक्टरांना त्याच्या विषात ३९ मण्यांचं पेप्टाइड सापडलं. जेवणानंतर साखर वाढली की इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या आपल्या शरीरातल्या एका पेप्टाइडासारखंच, पण जास्त वेळ टिकणारं. त्यावरून २००५ मध्ये मधुमेहाचं एक्सेनाटाइड इंजेक्शन आलं. वजन उतरवायची जी इंजेक्शनं हल्ली गाजताहेत ती याच वाटेवरची, पण ती माणसाच्या पेप्टाइडावरून घडवलेली आहेत, सरड्याच्या नव्हे. आणि हो, आपली घोरपड यात कुठंही नाही. तिच्या तेलानं साखर, सांधेदुखी काही जात नाही आणि ती मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आजींनी गोळी पुन्हा सुरू केली. पुढच्या आठवड्यात वरचा आकडा १५४ वर आला होता. नातवाला आम्ही वही दिली आहे, आजीचा बीपी आता तोच लिहितो.

पावसाळ्याच्या तोंडावर आमचं एक ठरलेलं काम असतं, तेवढं सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी घोणस चावलेल्या एका मजूर बाईला घेऊन आम्ही रात्री एका सरकारी केंद्रात पोचलो. फ्रिजमध्ये प्रतिविषाच्या कुप्या होत्या, पण चावी असलेला माणूस घरी गेला होता. पुढच्या रुग्णालयापर्यंत पोचायला दीड तास गेला. बाई वाचली, पण मूत्रपिंडं बिघडल्यानं महिनाभर डायलिसिसवर होती. तेव्हापासून दर मे महिन्यात चार-पाच बाया मिळून जवळच्या आरोग्य केंद्रात जातो आणि वहीत लिहून आणतो: प्रतिविषाच्या कुप्या किती, मुदत कधी संपते, प्राझोसिन आहे का, रिअ‍ॅक्शन आली तर लागणारं अ‍ॅड्रेनालिन आहे का, रात्री ड्युटीवर कोण आणि चावी कुणाकडे.